हरळीचं लॉन: तणनाशक कधी टाकायचं, खत कधी?

मृद्गंध | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहते. मागच्या वर्षी जानेवारीत घर घेतलं. पुढचं-मागचं मिळून साधारण ३,००० चौरस फूट लॉन आहे, सगळं बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच. सध्या ते वाळलेल्या कडब्याच्या रंगाचं झालंय आणि मधेमधे हिरवे ठिपके दिसतात. ते ठिपके हरळीचे नाहीत, एवढं आता कळायला लागलंय.

गेल्या वर्षी काय झालं ते सांगते. फेब्रुवारीत एका लॉन कंपनीचा माणूस दारावर आला, त्यांच्याशी वर्षाचा करार केला. पहिल्याच फेरीत त्यांनी खत आणि तणनाशक एकत्र असलेले दाणे टाकले. तीन आठवड्यांत अंगण हिरवं झालं आणि मी खूश झाले. जवळ जाऊन बघितलं तर ते जांभळ्या फुलांचं हेनबिट आणि चिकवीड, म्हणजे हिवाळी तण होतं, हरळी त्याखाली पिवळीच. जूनमध्ये क्रॅबग्रास या गवतासारख्या तणाच्या ताटलीएवढ्या चकत्या पसरल्या. ऑगस्टमध्ये एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं पत्र आलं.

यंदा करार मोडला. सगळं स्वतः करायचंय. दुकानात पोत्यांची रांग बघून परत आले. मला मुळातूनच समजून घ्यायचंय: काय, कधी आणि का.

काळी_माती | ९ फेब्रुवारी

मी प्लेनोत १४ वर्षं आहे, तुमच्यासारखीच चूक पहिली दोन वर्षं केली. सर्वात आधी हे पक्कं धरा की तणाचं बी आणि हरळी एकाच वेळी जागे होत नाहीत. क्रॅबग्रासचं बी वरच्या दोन इंच मातीचं तापमान चार-पाच दिवस सलग ५५ फॅरनहाइटच्या (१३ सेल्सिअस) आसपास राहिलं की रुजायला लागतं. आपल्या भागात हे फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा पहिला आठवडा या काळात होतं. हरळीची मुळं मात्र खऱ्या अर्थानं कामाला लागतात ती माती ६५च्या पुढे गेल्यावर. म्हणजे मध्ये महिना-दीड महिन्याची फट आहे.

खत-तणनाशक एकत्र असलेल्या पोत्याची अडचण याच फटीत आहे. तणासाठी वेळेवर टाकलं तर खत फार लवकर पडतं, खतासाठी थांबलं तर तण रुजून बसलेलं असतं. फेब्रुवारीत दिलेलं नत्र झोपलेली हरळी उचलत नाही. जे जागं आहे ते उचलतं. तुमच्याकडे हेनबिट जागं होतं.

गेल्या वर्षीच्या पावतीवर औषधाचं नाव आहे का?

मृद्गंध | १० फेब्रुवारी

सापडली. 'टू-फोर-डी' आणि आणखी दोन नावं आहेत. प्रोडियामिन किंवा पेंडिमिथॅलिन असं बी रुजू न देणारं काही नाही.

राहुरीकर | १० फेब्रुवारी

मग कोडं सुटलं. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी केलंय, आता अटलांटाजवळ असते. घरी झॉयसियाचं लॉन आहे.

टू-फोर-डी हे उगवून आलेल्या रुंद पानांच्या तणांचं औषध आहे. बियांना ते रोखत नाही आणि क्रॅबग्रास तर गवतवर्गीय, त्यामुळे त्याला काहीच झालं नाही. बरं, हेनबिट तरी का मेलं नाही? कारण ते दाणे ओल्या पानांवर चिकटले तरच औषध पानात उतरतं. कोरड्या पानावर टाकले की घरंगळून मातीत पडतात. तणाला औषध मिळालं नाही, खत मात्र मिळालं.

तुम्हाला हवं आहे ते उगवणपूर्व तणनाशक. लोकांना वाटतं ते बी मारतं. तसं नाही. बी फुगतं, फुटतं, त्याचं कोवळं मूळ औषध असलेल्या मातीच्या थरात शिरतं आणि मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन थांबतं. रोप वर यायच्या आतच संपतं. त्यामुळे तो थर बी रुजण्याआधी तिथे असायला हवा. तण दिसल्यावर टाकून उपयोग नाही. आणि टाकल्यावर साधारण अर्धा इंच पाणी द्यायलाच हवं, नाहीतर औषध वाळल्या पानांवर पडून राहतं आणि उन्हात वाया जातं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. हरळी पसरते ती धावत्या कांड्यांनी. प्रत्येक पेराला खाली मुळं फुटतात. ही नवी मुळंही त्याच थरात शिरतात आणि खुंटतात. जिथे लॉन दाट आहे तिथे काही बिघडत नाही, पण जिथे टक्कल आहे आणि हरळीनं तिथे सरकत यावं असं वाटतं, तिथे हे औषध टाकलं तर ती येत नाही. नुकत्याच अंथरलेल्या गवतावरही टाकू नये.

मृद्गंध | १० फेब्रुवारी

हे कोणीच सांगितलं नव्हतं! मागे मुलांच्या झोपाळ्याखाली आणि लाइव्ह ओकच्या झाडाखाली मोठी टकलं आहेत. मग तिथे काय करू?

राहुरीकर | ११ फेब्रुवारी

टाकताना त्यावर ताडपत्री अंथरा, एवढंच. तिथलं तण हातानं काढा. झाडाखालच्या टकलाबद्दल मात्र मला वेगळी शंका आहे, कडेला किती तास ऊन येतं ते बघून सांगा.

काळी_माती | ११ फेब्रुवारी

आणि आत्ता जे हिरवे ठिपके दिसतायत त्यांचं बी गेल्या ऑक्टोबरात रुजलेलं आहे. त्यांच्यावर आता उगवणपूर्व औषधाचा परिणाम होणार नाही. रोपं थोडी असतील तर पावसानंतर माती मऊ असताना उपटून काढा, हेनबिट मुळासकट सहज येतं. नाही जमलं तरी मेच्या उन्हात ती आपोआप वाळतात. पण फुलं येऊन बी पडायच्या आत काढलीत तर पुढच्या हिवाळ्याला कमी येतील.

तारखेवर जाऊ नका. स्वयंपाकघरातला मांसात खुपसायचा थर्मामीटर असतो ना, दांडीचा, तो घ्या. सकाळी नऊ-साडेनऊला, उन्हातल्या जागी, दोन इंच आत. फुटपाथच्या कडेची माती सोडा, काँक्रीटच्या ऊबेनं ती नेहमी दोन-तीन अंश पुढे असते. खरं तर क्रॅबग्रास पहिल्यांदा दिसतं तेही तिथेच.

अलामोकर | १२ फेब्रुवारी

सॅन अँटोनियोत तुमच्या दोन-तीन आठवडे आधी होतं. मी फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी उरकलं. माझं लॉन सेंट ऑगस्टीन जातीच्या गवताचं आहे. त्यावर टू-फोर-डी जपून, उन्हाळ्यात तर नकोच, पानं पिवळी पडून गवत मागे जातं. २०२१च्या फेब्रुवारीतल्या गोठणाऱ्या थंडीत माझं निम्मं सेंट ऑगस्टीन मेलं होतं. शेजाऱ्यांनी हिरवं दिसेना म्हणून मार्चमध्येच भरपूर खत टाकलं. ज्यांनी मेपर्यंत धीर धरला, कांड्या चाळून जिवंत काय ते बघितलं आणि मग खत दिलं, त्यांचं लॉन आधी भरून आलं. लवकर नत्र दिलं की या गवताला गोल तपकिरी चट्ट्यांची बुरशीही धरते.

दोन_गुंठे | १४ फेब्रुवारी

मी पुण्याहून, मुळशी रस्त्याला घर आहे. पुढे ६०० चौरस फूट मेक्सिकन लॉन. आमच्याकडे बर्फ नाही, ५५ फॅरनहाइटचा प्रश्न नाही. पण जूनमध्ये तणांचा असा काही उद्रेक होतो की माळीकाका आठ दिवस बसून असतात. आम्ही तणनाशक कधी टाकावं?

राहुरीकर | १४ फेब्रुवारी

तुमच्याकडे बियांना थांबवून ठेवते ती थंडी नव्हे, कोरड. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की मे अखेरीस पहिली लाट रुजते आणि मृगात दुसरी. ६०० फुटांना मी औषध सुचवणार नाही. वळवानंतर आठ-दहा दिवसांनी, रोपं दोन पानांची असताना आणि माती वापशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असताना खुरपं घेऊन बसा. त्या वेळी जे काम एका सकाळी होतं त्याला जुलैत आठवडा जातो, तेवढ्यात बी पडून जातं ते वेगळंच.

तण येतं कुठून तेही बघा. दरवर्षी लॉनवर शेणखत आणि लाल माती पसरता का? न कुजलेल्या शेणखतातून गाजरगवतापासून सगळ्याचं बी येतं. हाताला गरम लागत असेल, शेणाचा वास येत असेल, तर ते कुजलेलं नाही.

खत भर पावसात टाकू नका, वाहून जातं. पावसानं उघडीप दिली की टाका. तुमच्या ६०० फुटांना एका वेळी अर्धा किलो युरिया पुरे, पानं कोरडी असताना, आणि लगेच पाणी. पान ओलं असताना दाणा चिकटला की तेवढी जागा करपते.

दोन_गुंठे | १५ फेब्रुवारी

दरवर्षी ट्रॉलीभर शेणखत टाकतो. आणि हो, वास येतो. यंदा बंद.

मृद्गंध | २६ फेब्रुवारी

रोज सकाळी मोजतेय, वहीत लिहून ठेवलंय. गेल्या आठवड्यात ४८, मग थंडीची लाट आली तेव्हा ४४. सोमवारपासून ५२, ५३, ५५, ५५. आज ५६. दाणेदार प्रोडियामिन आणून ठेवलंय, खत नसलेलं. ते शोधायलाच तीन दुकानं लागली, बहुतेक ठिकाणी खत मिसळलेलंच होतं.

काळी_माती | २६ फेब्रुवारी

उद्याच टाका. वर्षाची जी मर्यादा पिशवीवर लिहिलीय तिचे भाग करा: थोडं आता, थोडं सहा-आठ आठवड्यांनी, आणि पानगळीच्या हंगामासाठीही राखून ठेवा. एकदाच सगळं टाकलं तर जूनपर्यंत थर विरळ होतो आणि दुधी, म्हणजे इथे ज्याला स्पर्ज म्हणतात ती, उष्णतेत उशिरा रुजणारी असल्यामुळे निसटते.

स्प्रेडरचं, म्हणजे दाणे पसरायच्या ढकलगाडीचं, छिद्र अर्ध्या मापावर ठेवा. एकदा उभं चाला, एकदा आडवं. पट्टे राहत नाहीत. पाण्यासाठी लॉनवर दोन-तीन रिकामे टिनचे डबे ठेवा आणि त्यांत अर्धा इंच साठेपर्यंत स्प्रिंकलर चालू द्या. आपली माती काळी आहे, पाणी सावकाश पिते. सलग सोडलं तर रस्त्यावर वाहत जाईल आणि औषधही बरोबर नेईल. दहा मिनिटं, मग अर्धा तास थांबा, पुन्हा दहा मिनिटं, असं करा.

मृद्गंध | २ मार्च

झालं. ताडपत्री घातली, डबे ठेवले. तीन टप्प्यांत पाणी दिलं तेव्हा अर्धा इंच भरलं. मुलांना आणि कुत्र्याला दोन दिवस बाहेर सोडलं नाही.

काळ्या मातीचं तुम्ही लिहिलंत आणि मला एकदम आमचं कोरेगावचं शेत आठवलं. इथेही ऑगस्टमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

राहुरीकर | २ मार्च

आठवणारच. टेक्सासच्या ब्लॅकलँड प्रेअरीची माती आणि आपली दख्खनची रेगूर एकाच जातीच्या, फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीच्या. सामू (पीएच) चढाच असतो. म्हणून एक सूचना: एप्रिलमध्ये खत घ्यायच्या आधी माती तपासून घ्या. टेक्सास ए अँड एमची कॉलेज स्टेशनला प्रयोगशाळा आहे, टपालानं नमुना पाठवता येतो. अशा मातीत उन्हाळ्यात पान पिवळं पडलं तर ते नेहमी नत्र कमी म्हणून नसतं. जुनं पान सगळंच पिवळं असेल तर नत्र. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. लोह मातीत असतं, पण चढ्या सामूमुळे मुळांना मिळत नाही. तिथे नत्राची पोती रिकामी करून काही होत नाही, चिलेटेड, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह द्यावं लागतं.

मृद्गंध | २३ मार्च

लॉन अर्धंअधिक हिरवं झालंय! शेजारी खत टाकतायत. हात शिवशिवतायत. टाकू?

काळी_माती | २३ मार्च

थांबा. हिरवं दिसतंय ते कांड्यांत साठवलेल्या अन्नावर. जुनी मुळं बरीचशी झडतात आणि नवी येत असतात, तो हरळीचा सर्वात नाजूक काळ असतो. आता नत्र दिलं तर पाला सुटतो आणि मुळं मागे पडतात. वर एखाद्या रात्री पारा खाली गेला की कोवळा पाला जळतो. आपल्याकडे मार्चच्या शेवटीही असं झालेलं मी पाहिलंय.

या वेळात करायचं काम म्हणजे लॉन अगदी बुडापाशी कापून वाळलं गवत गोळा करणं. ऊन मातीपर्यंत पोचतं आणि हरळी भराभर भरते. खत मात्र खऱ्याखुऱ्या दोन कापण्या झाल्यावर. म्हणजे हरळी वाढली म्हणून कापावी लागली, अशा दोन वेळा.

मृद्गंध | १९ एप्रिल

दुसरी कापणी काल झाली. मातीचा अहवालही आला: सामू ७.९, स्फुरद भरपूर, पालाश पुरेसं. म्हणजे मला फक्त नत्र हवं. पोतं घेतलंय त्यात नत्र २० टक्के, स्फुरद शून्य, निम्मं नत्र हळूहळू सुटणारं. किती टाकू?

राहुरीकर | १९ एप्रिल

हजार चौरस फुटांना एका वेळी एक पौंड नत्र, हे इथलं नेहमीचं माप. २० टक्क्यांच्या पोत्यातलं पाच पौंड खत म्हणजे एक पौंड नत्र. तुमच्या ३,००० फुटांना १५ पौंड. टकलं आणि झाडाखालचा भाग वजा केलात तर त्याहून कमी. हरळी खादाड आहे, तिला मे-जून-जुलैत असे आणखी दोन-तीन हप्ते चालतात. माझ्या झॉयसियाला त्याच्या निम्म्यानं भागतं. शेजारणीकडे सेंटिपीड गवत आहे, त्याला वर्षाला एखादा पौंड पुरतो, जास्त दिलं की दोन वर्षांत ते खराब होतं. त्यामुळे दुसऱ्याच्या लॉनचं वेळापत्रक उचलू नका.

प्रोडियामिनचा दुसरा भाग याच आठवड्यात टाका.

मृद्गंध | ४ मे

बाबा आलेत कोरेगावहून, सहा महिन्यांसाठी. पहिल्या सकाळी चहा घेऊन अंगणात उभे होते. खाली बसले, एक कांडी ओढून पेरं मोजली आणि म्हणाले, "ही तर हरळी." मी हो म्हटलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमच्या शेतात चैत्रात नांगरट झाली की घरातली सगळी माणसं ढेकळांतून हरळीच्या कांड्या वेचायची. आजीही असायची. बांधावर ढीग घालून उन्हात वाळवायचा आणि पेटवायचा, कारण एक पेर जरी शेतात राहिलं तरी पावसात तिथून पुन्हा ताणा सुटतो. बाबांच्या हाताला अजून त्या वेचणीचे घट्टे आहेत. त्यांना मी खताचं पोतं दाखवलं, वहीतली तापमानं दाखवली. त्यांनी सगळं लक्ष देऊन वाचलं.

दुपारी ते लाइव्ह ओकखालच्या टकलापाशी गेले आणि मला हाक मारली. म्हणाले, "इथं खत घालू नकोस. बांधावरच्या आंब्याखाली हरळी कधी येत नसे. तिला डोक्यावर ऊन लागतं." मी घड्याळ लावून बघितलं. तिथे ऊन तीन तासही नाही.

राहुरीकर | ४ मे

हीच माझी शंका होती. हरळीला निदान सहा-आठ तास थेट ऊन हवं. बाबांना माझा नमस्कार सांगा. तिथे खत घातलं असतंत तर ते झाडानं घेतलं असतं आणि तणानं. तिथे सावलीतली झाडं लावा नाहीतर पालापाचोळ्याचं आच्छादन करा.

काळी_माती | ५ मे

बाबांना सांगा, माझे आजोबा सोलापूरकडे हेच करायचे. हरळी आणि कुंदा, या दोघांचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलायचा.

मृद्गंध | १४ जून

क्रॅबग्रास: फुटपाथच्या कडेला मोजून अकरा रोपं. बस्स. गेल्या वर्षी याच तारखेचे फोटो शेजारी ठेवून बघतेय, विश्वास बसत नाही.

पण एक नवं आलंय. कापल्यावर दोनच दिवसांत हरळीच्या वर चार बोटं उंच, पोपटी, चकचकीत पाती. बाबा म्हणतात लव्हाळा.

राहुरीकर | १४ जून

दांडी बोटांत धरून फिरवा. तिन्ही कोन हाताला लागले तर लव्हाळाच. तो बियांपेक्षा जमिनीतल्या गाठींतून येतो, म्हणून प्रोडियामिननं थांबत नाही. उपटला तर पात तुटून हातात येते, गाठी खाली राहतात आणि प्रत्येक गाठीतून नवा फुटवा येतो. हॅलोसल्फ्युरॉन असलेलं औषध हरळीवर चालतं. पाती तीन-आठ पानांची असताना फवारा, दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर कापू नका. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, सहा-आठ आठवड्यांनी बहुधा पुन्हा फवारावं लागतं. जिथे पाणी साचतं तिथे तो जास्त येतो, स्प्रिंकलर गळतोय का बघा.

मृद्गंध | १५ जून

तीन कोन लागले. स्प्रिंकलरचं एक मुंडकं खरंच गळत होतं, बाबांनी बदललं.

अलामोकर | २८ ऑगस्ट

धागा वर काढतोय, कारण आता हिवाळी तणांची वेळ जवळ आली. पोआ गवत, हेनबिट, चिकवीड यांचं बी माती तापून उतरायला लागली आणि ७०च्या आसपास आली की रुजतं. डॅलसकडे बहुधा सप्टेंबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत, माझ्याकडे ऑक्टोबर. या वेळी टाकलंत तर पुढच्या फेब्रुवारीत ते हिरवे ठिपके दिसणार नाहीत. नत्राचा शेवटचा हलका हप्ताही सप्टेंबरातच संपवा. पहिल्या हिमकणांच्या आधी सहा आठवडे हरळीला शांतपणे मंदावू द्यावं.

तुळशीकट्टा | २९ ऑगस्ट

इतके दिवस नुसती वाचत होते. एक विचारू का? आम्ही ह्यूस्टनमध्ये गणपती बसवतो आणि दूर्वा लॉनमधल्याच काढतो. हरळी म्हणजेच दूर्वा ना? मग हे औषध टाकलेल्या लॉनमधल्या चालतील का? लहान मुलं त्या हातात घेतात, प्रसादाच्या ताटातही पडतात.

राहुरीकर | २९ ऑगस्ट

वनस्पती तीच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. लॉनमधल्या बऱ्याच जाती मात्र संकरित असतात, त्यांचं पान बारीक असतं. पण औषध टाकलेल्या लॉनमधल्या घेऊ नका. लॉनच्या औषधांची मापं त्या गवताला हात लावून ते ताटात ठेवायचं, असं धरून काढलेली नसतात.

मृद्गंध | ३० ऑगस्ट

आमच्याकडे बाबांनी मेमध्येच याची सोय केली. प्रोडियामिन टाकलं नव्हतं त्या झोपाळ्याजवळच्या जागेतून चार कांड्या काढून एका पसरट कुंडीत लावल्या, भरपूर ऊन येतं तिथे ठेवली. नुसतं कंपोस्ट आणि पाणी, दुसरं काही नाही. आता कुंडीच्या काठावरून ताणे खाली लोंबतायत. काल तीन पानांच्या एकवीस जुड्या सहज निघतील एवढ्या मोजल्या.

बाबा ऑक्टोबरच्या शेवटी परत जातील. रोज सकाळी थर्मामीटर तेच लावतात आणि वहीत लिहितात. आज सकाळी ८१ होतं. ७३ झालं की मला सांगायचं, असं ठरलंय. प्रोडियामिनची उरलेली पिशवी गॅरेजमध्ये वरच्या फळीवर ठेवली आहे.